आई-बाबा युरोपला निघालेत: पासपोर्ट अंगावर ठेवावा की हॉटेलच्या सेफमध्ये? आणि फोनचं काय?

मेघना_चिंचवड

नमस्कार मंडळी,
आई-बाबा मे महिन्यात टूर कंपनीबरोबर युरोपला चाललेत. पॅरिस, मग स्वित्झर्लंड, खाली इटली आणि शेवटी बार्सिलोना. बाबा ७१, आई ६६, तब्येती ठणठणीत. पण घरात रोज जेवताना एकच वाद. बाबा म्हणतात पासपोर्ट चोवीस तास अंगावर पाहिजे, आई म्हणते हॉटेलच्या सेफमध्ये ठेवून मोकळं फिरायचं, आणि माझा नवरा म्हणतो दोघंही चुकताय, आधी फोन सांभाळा. त्यात टूरवाल्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय आणि सगळ्यांना पासपोर्टच्या पुढच्या-मागच्या पानाचे फोटो तिथेच टाकायला सांगितलेत, अर्ध्या लोकांनी टाकलेही. मला ते काही बरं वाटलं नाही पण बाबा म्हणतात सगळे टाकतायत आपणच कशाला शहाणपणा करा. जाणकारांनी सांगा. पैसे फॉरेक्स कार्डवर (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड) आणि थोडे रोख असे नेणार आहेत.

सातारी_कंदी

बाबा बरोबर. बनियनला आतून खिसा शिवून घ्या. विषय संपला.

मिलानकर

विषय संपला नाही हो कंदीसाहेब, सुरू झाला :)

मेघनाताई, मी इथे बरीच वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे काका-काकू येतात, त्यावरून सांगतो. ज्या दिवशी गाव बदलायचं त्या दिवशी पासपोर्ट अंगावर, कपड्यांच्या आत. ज्या दिवशी त्याच हॉटेलात परत यायचं त्या दिवशी सेफमध्ये, खिशात फक्त झेरॉक्स. सेफचा खरा धोका चोर नाही, विसरणं. सकाळी सहाला बस सुटणार म्हणून धावपळ आणि पासपोर्ट राहिला आत. त्यावर एक उपाय, सेफमध्ये पासपोर्टबरोबर दुसऱ्या दिवशी घालायच्या बुटांपैकी एक बूट ठेवायचा. एका पायात बूट घालून कुणी बसमध्ये चढत नाही.

आता जागा. पॅरिसला मेट्रोची लाइन १, कारण लूव्र, शाँझेलिझे सगळं त्याच लाइनवर. रोमला तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. बार्सिलोनाला ला रांब्ला हा रस्ता आणि सगराडा फामिलिया चर्चच्या बाहेरची गर्दी. हे काही गुपित नाही, एप्रिल २०१३ मध्ये लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांना वैतागून काम बंद केलं होतं, एक दिवस म्युझियम उघडलंच नाही. आणि मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरवाल्यांनी तेच केलं. म्हणजे तिथले लोकच कावलेत तर आपली काय कथा.

हे चोर मळक्या कपड्यातले वगैरे नसतात. चांगल्या घरच्या शाळकरी मुली वाटतात, हातात नकाशा नाहीतर सह्यांचा कागद. एकजण कागद तुमच्या छातीसमोर धरते, त्याच्याखाली दुसरीचा हात. सही करू नका, "नो" एवढंच म्हणून चालत राहा, थांबून समजावत बसू नका. आपल्या काकूंना फार दया येते.

पुणे५२

एवढं घाबरवू नका राव. ज्यांनी आयुष्यभर दादर-कर्जत सकाळची ८ ची लोकल केली त्यांना पॅरिसची मेट्रो काय वाटणार.

ठाणे_ते_टिळकनगर

@पुणे५२, तुम्ही पुण्याचे असून लोकलबद्दल बोलताय यातच सगळं आलं. हलके घ्या.

पण खरं सांगू का, आम्ही लोकलवाले इथे सावध असतो कारण आपण कामावर चाललेलो असतो. तिकडे मान वर, तोंड उघडं आणि हातात फोन. माझा मोठा भाऊ, व्हीटीला पस्तीस वर्षं उतरतोय, त्याचं पाकीट लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्राममध्ये गेलं. ट्राम रिकामी होती असं तो अजून म्हणतो.

अपर्णा_जोगळेकर_नव्हे

माझ्या सासूबाईंनी आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरकडून परकरालाच चोरखिसा शिवून घेतला होता, चेन लावून, वर परत टिचबटण. त्यात पासपोर्ट, पाचशे युरो, आणि देवाचा अंगारा. अतिशय सुरक्षित. फक्त झुरिकला इमिग्रेशनच्या काउंटरसमोर उभ्या राहिल्यावर लक्षात आलं की तो काढायचा कसा. तो गोरा ऑफिसर "पासपोर्ट प्लीज" म्हणतोय, आणि सासूबाई माझ्याकडे बघतायत. शेवटी सासरे दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

तेव्हा ताई, खिसा जरूर शिवा पण त्या दिवशी लागणारी वस्तू त्यात नको. विमानतळावर पुढच्या लहान पर्समध्ये, बाहेर पडताना टॉयलेटमध्ये जाऊन आत.

सातारी_कंदी

मी बनियन म्हणालो होतो. 😂

राईनकाठी

मिलानकरांशी थोडी असहमती. "त्याच हॉटेलात परत यायचं त्या दिवशी सेफ" हे ठीक, पण त्या दिवशी शेजारच्या देशात जाऊन येत असाल तर पासपोर्ट बरोबर हवाच. आपल्याकडे समज असा की शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) म्हणजे बॉर्डर नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी परत सुरू केली. आमच्या ट्रेनमध्ये पोलीस चढतात आणि झेरॉक्स दाखवली तर हसत नाहीत. इटलीतही परदेशी माणसाने ओळखपत्र दाखवता आलं पाहिजे असा नियम आहे, शहरात झेरॉक्सवर सहसा भागतं, सीमेवर नाही.

आणि खोट्या पोलिसांबद्दल कुणी बोललं नाही अजून. साध्या कपड्यातले दोघे येतात, बिल्ला दाखवतात, "नकली नोटा फिरतायत, पाकीट दाखवा". खरा पोलीस तुमचं पाकीट उघडून नोटा मोजत नाही. त्याला म्हणायचं, चला पोलीस स्टेशनला. नाहीतर सरळ ११२ लावायचा, सगळ्या युरोपात तोच नंबर, स्वित्झर्लंडमध्ये पण चालतो.

मिलानकर

@राईनकाठी, मान्य. दिवसाच्या सहलीचा मुद्दा राहिलाच होता.

भूषण_इन्फोसेक

मेघनाताई, तुमच्या मिस्टरांशी मी १०० टक्के सहमत आहे आणि का ते जरा सविस्तर लिहितो, लांबेल, माफ करा.

पासपोर्ट गेला तर त्रास होतो पण त्याची पद्धत ठरलेली आहे, दूतावास आहे, कागद मिळतो, माणूस घरी येतो. फोन गेला तर मात्र साखळी तुटते. बघा, कार्ड ब्लॉक करायला बँकेच्या ॲपमध्ये जायचं, ॲप फोनमध्ये. नवीन फोन घेतला तर ॲप सुरू करायला भारतातल्या नंबरवर एसएमएस, ते सिम चोराकडे. ईमेल उघडायला गेलात तर तेही विचारतं, फोनवर नोटिफिकेशन पाठवलंय, ओके करा. डुप्लिकेट सिम भारतात, कंपनीच्या दुकानात स्वतः जाऊन केवायसी केल्यावर मिळतं, आणि ते सुरू झालं तरी सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद. आई-बाबा फ्लॉरेन्समध्ये आणि सिम चिंचवडला, करा काय करायचं ते.

आणि याची दुसरी बाजू वाईट आहे. फोनला छान लॉक आहे म्हणून आपण निर्धास्त. चोर सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालतो, आता ओटीपी त्याला येतात. बरोबर पाकीटही गेलं असेल तर कार्डही त्याच्याकडे.

म्हणून निघायच्या आधी घरी बसून हे करा. सिमला पिन लावा, फोनच्या सेटिंगमध्ये "सिम लॉक" असतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका, नाहीतर ओटीपी वाचायला फोन उघडायची पण गरज नाही. आयफोन असेल तर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करा, जानेवारी २०२४ च्या १७.३ अपडेटपासून आहे, घरापासून दूर असताना चोराला पासकोड माहीत असला तरी ॲपल खात्याचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही, चेहरा लागतो आणि वर तासभर थांबवतं. अँड्रॉइडला थेफ्ट डिटेक्शन लॉक बघा, हातातून हिसकावून कुणी पळालं तर स्क्रीन आपोआप लॉक होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँकेचं सिम आणि रोजचा फोन वेगळे ठेवा. घरात जुना फोन पडलेला असतोच. भारतातलं सिम त्यात, रोमिंग इथूनच चालू करून, आणि तो फोन हॉटेलच्या सेफमध्ये त्या बुटाशेजारी. हातात फिरवायच्या फोनमध्ये तिकडचं ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय चालणारं सिम), व्हॉट्सॲप, नकाशा, कॅमेरा. बँकेचं ॲप नाही. तो गेला तर फोटो गेले आणि पंधरा-वीस हजार गेले, बाकी काही नाही.

डोंबिवलीची_नमू

वाचनखूण साठवली. भूषणदादा, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये, हे डोक्यातच आलं नव्हतं कधी.

निवृत्त_पोस्टमास्तर

भूषणराव, तुमचा सिम पिन आमच्या चिरंजीवांनी लावून दिला होता. विमानात बसल्यावर मी शिस्तीत फोन बंद केला. पॅरिसला उतरून चालू केला तर पिन विचारतो. मला वाटलं एटीएमचा. टाकला. चूक. परत टाकला. मग वाटलं फोनचा असेल. तीनदा झालं आणि सिम बंद, पीयूके नावाचा आठ आकडी नंबर मागायला लागला. तो मिळवायला कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करायचा, तोही कुठल्या फोनवरून? टूरमधल्या एका भल्या बाईंच्या फोनवरून केला, अठ्ठावीस मिनिटं गाणं ऐकलं, त्यांचं रोमिंगचं पॅक संपलं. त्यांना मी लूसर्नला चॉकलेटं घेऊन दिली.

सबब, चोराच्या आधी तुम्ही आम्हालाच कुलूपबंद करता.

भूषण_इन्फोसेक

काका 🙏 हे चिरंजीवांनी सांगायला हवं होतं. पिन लावायचा तर निघायच्या आठवडाभर आधी लावा आणि रोज एकदा फोन बंद-चालू करून हाताला सवय होऊ द्या. पीयूके आधीच कंपनीकडून घेऊन मुलाकडे ठेवा. आणि पहिल्यांदा लावताना जुना पिन विचारेल, तो सिमच्या पाकिटावर असतो किंवा कंपनीला विचारा, अंदाजाने आकडे टाकू नका.

खारघर_वेस्ट

खारघरला वेस्ट नाहीये हे मला माहीत आहे, कृपया कुणी सांगू नका.

पासपोर्ट हरवण्याचा अनुभव लिहितो, कारण वर "पद्धत ठरलेली आहे" असं म्हटलंय, ती कशी ते. बार्सिलोनाला बायकोची स्लिंग बॅग खुर्चीच्या पाठीला होती. टपास खात होतो, एकाने येऊन टेबलावर नाणी सांडली, आम्ही सगळे सौजन्याने वाकून नाणी गोळा करायला लागलो, आणि वर बघतो तर बॅग नाही. पासपोर्ट त्यात.

आधी पोलिसांकडे तक्रार आणि तिची प्रत, तिच्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. मग दूतावास, आम्हाला तेव्हा माद्रिदला जावं लागलं. सोबत लागतं: पोलिसांचा कागद, फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, परतीचं तिकीट. आमच्याकडे झेरॉक्स होती आणि ईमेलवर स्कॅन होता म्हणून ओळख पटवायला वेळ गेला नाही. शेजारी एक मुलगा बसला होता त्याच्याकडे काहीच नव्हतं, बिचारा कोल्हापूरला आईला फोन करून कपाटातून कागद शोधायला लावत होता. आपल्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, पांढरा कागद, त्यावर फक्त भारतात परत येता येतं, एकदाच. पुढचे देश विसरायचे. नवा पासपोर्ट हवा असेल तर तोही देतात पण वेळ लागतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हरवल्याची नोंद एकदा केली की तो पासपोर्ट रद्द. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने "सापडला" म्हणून आणून दिला तरी त्यावर प्रवास करायचा नाही, तो नंबर इंटरपोलच्या यादीत गेलेला असू शकतो आणि विमानतळावर अडकाल. आणि त्यात अमेरिकेचा वगैरे व्हिसा असेल तर तोही गेला, तो वेगळा कळवायचा.

तिथल्या पोलिसाने शांतपणे सांगितलं, ४०० युरोच्या आतली चोरी इथे किरकोळ गुन्ह्यात धरतात. म्हणजे पकडला तरी बहुतेक वेळा दंड.

पुणे५२

बरं घाबरतो आता.

वाटाड्या_टूर

मी स्वतः टूर मॅनेजर आहे, कंपनी सांगत नाही. त्या व्हॉट्सॲप ग्रुपचं बोलतो, कारण ते मुख्य राहून जातंय.

आम्हाला पासपोर्टची प्रत लागते, नाही असं नाही. हॉटेलला रूमिंग लिस्ट (कुठल्या खोलीत कोण याची यादी) द्यावी लागते, इटलीत हॉटेलवाल्याला पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवावीच लागते. पण प्रत ऑफिसच्या ईमेलवर किंवा काउंटरवर द्यायची. ग्रुपवर टाकायला सांगणारा माणूस आळशी आहे एवढंच. अहो त्या मागच्या पानावर आईचं नाव, वडिलांचं नाव, घरचा पत्ता असतो. ग्रुपवर अनोळखी लोक, त्यांची मुलं, कुणाची बदललेली जुनी सिमं. आणि वर तारखा, म्हणजे या या दिवसांत या पत्त्यावर घराला कुलूप आहे. त्यांना सरळ फोन करा आणि म्हणा आम्ही ईमेलने देतो. ज्यांनी टाकलेत त्यांना "डिलीट फॉर एव्हरीवन" करायला लावा, ते दोन दिवसांच्या आतच चालतं.

आणि एक, हॉटेलच्या ब्रेकफास्टला. आपल्या लोकांची सवय, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. तिथेही टेबल धरायला खुर्चीवर पर्स ठेवतात आणि सगळे मिळून उपमा मिळतोय का बघायला जातात. सकाळी ७ ते ९ चांगल्या हॉटेलांच्या ब्रेकफास्ट हॉलमध्ये सूट घातलेला माणूस येतो, कॉफी घेतो, पर्स घेतो, जातो. रिसेप्शनला वाटतं पाहुणा आहे. माझ्या ग्रुपमध्ये मी आता रोज सकाळी दारात उभा राहून ओरडतो. टेबल धरायला रुमालच ठेवा, पूर्वजांना काही कळत होतं.

डोंबिवलीची_नमू

"उपमा मिळतोय का बघायला" 😂😂 मेले

तांबडी_जोगेश्वरी

प्रवासाला निघताना विमानतळावरून बोर्डिंग पासचा फोटो टाकणाऱ्यांनाही जरा कुणी सांगा. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर टाकला होता. एका माणसाने त्यावरचा बुकिंग नंबर आणि आडनाव घालून एअरलाइनच्या साइटवर लॉगिन केलं आणि त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर काढला. त्याने सरळपणे सरकारला कळवलं म्हणून निभावलं. आपल्याकडे मात्र "युरोप कॉलिंग" लिहून अख्खा पास, बारकोडसकट.

सातारी_कंदी

आमच्याकडे बोर्डिंग पासबरोबर विमानतळावरच्या वडापावचाही फोटो असतो. त्याची किंमत बघून चोरच हळहळतो.

रत्नांग्रीकर

अवांतर: मंगळसूत्राचं काय करायचं? माझी आई काढायला तयार नाही.

अपर्णा_जोगळेकर_नव्हे

काढू नका म्हणावं पण सोन्याचं ठेवा घरी, काळ्या मण्यांची साधी पोत घाला. ज्यांना खरंच जास्त दागिने न्यायचेत, म्हणजे तिकडच्या लग्नाला वगैरे, त्यांनी जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं, नाहीतर परत येताना "हे इथूनच नेलं होतं" हे सिद्ध करत बसा.

पॉलिसीवाला_नाना

इन्शुरन्सबद्दल कुणी बोललं नाही. लोकांना वाटतं काही चोरीला गेलं की पैसे मिळणार. शेंगेनला ३०,००० युरोचं कव्हर लागतं ते आजारपणाचं. सामानाचं कलम वाचा, आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसीत ते "चेक-इन बॅगेज"चं असतं, म्हणजे एअरलाइनकडे दिलेली बॅग. खुर्चीवरची पर्स त्यात बसत नाही. पासपोर्ट हरवल्याचं वेगळं कलम असतं, त्यात नव्या कागदांचा खर्च मिळतो, पण पोलिसांची प्रत हवी. बॅग तुटून आली तर विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर पीआयआर (बॅगेच्या तक्रारीचा एअरलाइनचा फॉर्म) नोंदवा आणि ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवस. घरी येऊन, श्रमपरिहार करून, मग पुढच्या महिन्यात माझ्याकडे येऊ नका.

गोंयकार_पाय

युरोप युरोप चाललंय म्हणून थायलंडचं एक टाकतो, आमच्याकडून तिकडे खूप जातात. भाड्याने स्कूटर घेताना पासपोर्ट तारण ठेवायला सांगतात. अजिबात नाही. परत देताना जुना ओरखडा दाखवून हवे तेवढे बाथ मागतात आणि पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये. रोख डिपॉझिट द्या, नाहीतर दुसरं दुकान. आणि १ मे २०२५ पासून तिथे जायला ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे. गुगल केलं की पैसे मागणाऱ्या साइट वर येतात, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या. पैसे गेले ते जाऊ देत, पासपोर्टची सगळी माहिती आपण आपल्या हाताने भरून दिलेली असते.

राईनकाठी

@गोंयकार_पाय, +१. दूतावासाचा नंबर पण गडबडीत गुगल करू नका, आधीच लिहून ठेवा. दूतावासातून बोलतोय सांगून पैसे मागणारे फोन येतात, स्क्रीनवर नंबरही दूतावासाचाच दिसतो. अमेरिकेतल्या आपल्या दूतावासाने याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. दूतावास कुणाला फोन करून कार्डाचा नंबर विचारत नाही.

मेघना_चिंचवड

बापरे, दोन दिवस धागा उघडला नाही आणि इतकं सगळं! सगळ्यांचे आभार.

टूरवाल्यांना फोन केला, आधी कुरकुरले, मग ईमेल आयडी दिला. ग्रुपवरून तिघांनी फोटो काढलेत, बाकीचे म्हणतात आता काय फरक पडतो. बाबांना निवृत्त पोस्टमास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले हा मनुष्य समजूतदार आहे, आणि सिम पिनला साफ नकार. त्यामुळे जुन्या फोनची युक्ती करतोय. आईने टेलरकडे माप दिलंय, परकर नाही, पंजाबी ड्रेसला. सेफ आणि बूट यावर मात्र दोघांचं एकमत झालं, फक्त कुणाचा बूट यावर वाद चालू आहे.

एक शंका राहिली. बाबांचं डेबिट कार्ड पण नेणार आहेत, फॉरेक्स चाललं नाही तर म्हणून. ते तिकडे चालेल का, आणि कुणी वापरलं तर?

भूषण_इन्फोसेक

आधी बँकेच्या ॲपमध्ये बघा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात, तुम्ही चालू करायचे. चालू करा पण मर्यादा कमी ठेवा, ऑनलाइन आणि टॅप बंद, फक्त एटीएम आणि पिनवालं. आणि ज्या खात्यात पेन्शन आणि एफडीची लिंक आहे ते खातं नको, दुसरं छोटं खातं असेल तर त्याचं कार्ड द्या. चुकीचा व्यवहार दिसला आणि त्यात बँकेची किंवा तुमची चूक नसेल तर कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितलं की तुमचं काही जात नाही, २०१७ चा नियम आहे. पण पिन कार्डाच्या मागे लिहिलेला असेल तर कुणी विचारणार नाही.

फॉरेक्सच्या पाकिटात बहुतेक वेळा दोन कार्डं येतात, एक आईंच्या पर्समध्ये आणि दुसरं बाबांच्या बॅगेत. दोन्ही एकाच पाकिटात ठेवणारे खूप पाहिलेत.

मेघना_चिंचवड

बाबांनी पिन कार्डाच्या मागे नाही, कव्हरवर लिहिलाय. आत्ता बघितलं.

निवृत्त_पोस्टमास्तर

कव्हर बदलून घ्या आणि पिन पण. बाबांना म्हणावं मी माझा पाठ केलाय, जमतं.

वाटाड्या_टूर

मेघनाताई, तारखा कुठल्या? एकोणीसला निघणारा ग्रुप असेल तर बहुतेक माझाच आहे. बाबांना सांगा ब्रेकफास्टच्या दारात जो ओरडत असेल तो मी.